बिल छापताना संगणकाचे लक्ष कोठे असते?

कापडाच्या व्यापारात सौदा तोंडी होतो, पण शेवटी हातात राहतो तो बिलाचा कागद. माल उतरवून घेणारा, ट्रान्सपोर्टवाला, दलाल, हिशेब तपासणारा आणि कर खात्याचा अधिकारी हे सारे त्या कागदावरचा आकडा प्रमाण मानतात. संगणकाच्या पडद्यावर काय दिसत होते ते त्यांच्यापैकी कोणीही पाहिलेले नसते. म्हणून पडद्यावर एक आणि कागदावर दुसरे असे झाले, तर नुकसान फक्त रकमेचे होत नाही. माणसांचा एकमेकांवरचा भरवसाही उडतो.

टॅलीसारखी तयार पॅकेजेस आज बहुतेक पेढ्यांवर आहेत. तरीसुद्धा कापडवाल्याची एक अडचण वेगळी असते. प्रत्येक ताक्याचे मीटर निराळे असते. एक ताका १०१ मीटरचा, दुसरा १०४ मीटरचा. बिलासोबत ताकेवार पॅकिंग स्लिप द्यावी लागते, तसेच कोणत्या गठाणीतून कोणता ताका गेला त्याची नोंद ठेवावी लागते. त्यामुळे अनेक व्यापाऱ्यांनी कोणा ओळखीच्या मुलाकडून आपल्या सोयीचा छोटा प्रोग्राम करून घेतला आणि तो बहुधा मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसमध्ये केलेला असतो. ॲक्सेस हे डेटाबेस पॅकेज नोव्हेंबर १९९२ मध्ये बाजारात आले. आजही ते मायक्रोसॉफ्ट ३६५ बरोबर मिळते आणि फक्त विंडोजवर चालते. एकदा केलेला प्रोग्राम दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षे चालतो. करणारा मुलगा मात्र तोवर पुण्याला, नाही तर आखाती देशात गेलेला असतो.

अशा पेढ्यांवर एक तक्रार आम्ही वारंवार ऐकतो. ‘प्रोग्राम चांगला आहे, पण कधी कधी चुकीचे छापतो.’ संगणकाच्या कामात ‘कधी कधी’ हे उत्तर पुरेसे नाही. नीट पाहिले तर या चुकांमागे बहुधा ठरावीक कारणे असतात आणि त्यांतील बरीचशी एकाच गोष्टीशी येऊन मिळतात. ती गोष्ट म्हणजे फोकस. व्यापारी बंधूंना ती समजावी, निदान प्रोग्राम करणाऱ्याला नेमके काय सांगायचे ते कळावे, यासाठी हा लेख आहे.

फोकस म्हणजे काय?

आमचे शिक्षण उर्दू माध्यमातून झाले. फोकस या शब्दाला आम्हांला सर्वांत जवळचा वाटतो तो उर्दूतील तवज्जोह हा शब्द. मराठीत लक्ष म्हणावे. पडद्यावर एकाच वेळी पाच खिडक्या उघड्या असू शकतात, पण संगणकाचे लक्ष त्यांपैकी एकाच खिडकीकडे असते. त्या खिडकीतही ते एकाच जागी असते. ती जागा म्हणजे एखादा रकाना किंवा एखादे बटन. आपण कीबोर्डवर जे दाबू ते तेथेच जाते. आपली नजर कोठे आहे याची संगणकाला मुळीच कल्पना नसते.

ॲक्सेसच्या प्रोग्रामचे तीन मुख्य भाग ध्यानात ठेवावेत. टेबल म्हणजे कोठार, ज्यात नोंदी साठतात. फॉर्म म्हणजे गल्ला, जेथे मुनीम बसून नोंद करतो. रिपोर्ट म्हणजे छापायचा कागद: बिल, पॅकिंग स्लिप, खातेउतारा, थकबाकीची यादी. आता महत्त्वाचा मुद्दा असा की रिपोर्ट गल्ल्यावर काय चालले आहे ते पाहत नाही. तो थेट कोठारात जातो आणि तेथे जे असेल ते कागदावर आणतो. गल्ल्यावर लिहिलेले कोठारात पोहोचले नसेल, तर त्याच्या लेखी ते घडलेलेच नाही.

पडद्यावर वटाव, कागदावर नाही

आमच्या परिचयाच्या एका पेढीवर घडलेली हकीकत येथे सांगणे उपयोगी होईल. बिल होते १० ताक्यांचे. एकूण १,०२४ मीटर, भाव ३२ रुपये ५० पैसे. म्हणजे ३३,२८० रुपये. ठरलेला वटाव २ टक्के, म्हणजे ६६५ रुपये ६० पैसे. तो वजा जाता ३२,६१४ रुपये ४० पैसे आणि त्यावर ५ टक्के जीएसटी धरून एकूण ३४,२४५ रुपये १२ पैसे. पण पार्टीच्या हाती जो कागद गेला त्यावर वटावच नव्हता. त्यावर रक्कम होती ३४,९४४ रुपये.

पार्टीची तक्रार आली तेव्हा शेठनी संगणकावर बिल काढून पाहिले. पडद्यावर वटाव व्यवस्थित होता आणि खात्यातही कमी रक्कमच लागली होती. छापील बिल जास्तीचे आणि वही कमीची, मग मधले ६९८ रुपये ८८ पैसे कोणासाठी? संशय साहजिकच मुनीमजींवर गेला. ते म्हणाले, ‘‘शेठ, मी आधी वटाव टाकला आणि मगच बिल छापले.’’ शेठ म्हणाले, ‘‘मग कागदावर तो का नाही?’’ या प्रश्नाला मुनीमजींजवळ उत्तर नव्हते. वीस वर्षांची नोकरी असलेला माणूस त्या दिवशी मान खाली घालून घरी गेला.

मुनीमजी खरे बोलत होते. घडले ते असे. त्या फॉर्मचे दोन भाग होते. वरच्या मुख्य फॉर्मवर पार्टीचे नाव, तारीख, बिल्टी क्रमांक आणि वटाव. खाली सबफॉर्ममध्ये ताकेवार नोंदी. ॲक्सेसचा नियम असा आहे की फोकस सबफॉर्ममधून मुख्य फॉर्मकडे गेला, की सबफॉर्ममधील नोंद आपोआप कोठारात जाते. त्याचप्रमाणे मुख्य फॉर्मवरून सबफॉर्मकडे आला, की मुख्य नोंद कोठारात जाते. मुनीमजींनी ताके लिहिले, ते साठले. मग ते वर आले, वटावाच्या रकान्यात २ लिहिले आणि लगेच छपाईचे बटन दाबले. ते बटनही मुख्य फॉर्मवरच होते. फोकस मुख्य फॉर्मच्या बाहेर गेलाच नाही, म्हणून वटाव पडद्यावरच राहिला. रिपोर्ट कोठारात गेला, तेथे वटावाच्या जागी शून्य होते, त्याने तेच छापले. नंतर मुनीमजी पुढच्या बिलाकडे वळले तेव्हा आधीची नोंद साठली आणि वटाव खात्यात जाऊन बसला. कागद खोटा ठरला आणि वही खरी ठरली.

यावर उपाय एका ओळीचा आहे. छपाईच्या बटनामागे जी आज्ञा लिहिलेली असते, तिच्या आधी नोंद साठवण्याची आज्ञा हवी. ॲक्सेसच्या व्हीबीए भाषेत ती ‘मी डॉट डर्टी’ ची किंमत ‘फॉल्स’ करणे अशी आहे. इंग्रजीतील हा ‘मी’ योगायोगाने मराठीतल्या ‘मी’ सारखाच: ‘हा फॉर्म स्वतः’. डर्टी म्हणजे बदल झालेला, पण अजून न साठलेला. नोंद साठताना एखादा आवश्यक रकाना रिकामा आढळला तर संगणक हरकत घेईल, आणि तशी हरकत आली तर छपाई तेथेच थांबली पाहिजे. अर्धवट नोंदीचे बिल बाहेर जाण्यापेक्षा न गेलेले बरे.

प्रोग्राम दुरुस्त होईपर्यंत मुनीमांना एवढे सांगून ठेवावे. फॉर्मच्या डाव्या कडेच्या पट्टीवर पेन्सिलीचे चिन्ह दिसत असेल, तर नोंद साठलेली नाही. शिफ्ट आणि एंटर या दोन कळा एकत्र दाबल्या की ती साठते आणि पेन्सिल जाते. पेन्सिल गेल्यावाचून छपाईचे बटन दाबू नये. काही प्रोग्राममध्ये ती पट्टी दिसण्यास सुबक नाही म्हणून काढून टाकलेली असते. ती पुन्हा दाखवायला सांगावी.

छापायच्या कागदाचे नाव घ्यावे

दुसरी तक्रार कागद वाया जाण्याची. एकच बिल छापायचे होते आणि प्रिंटरमधून पानेच्या पाने बाहेर पडू लागली, हे बहुतेक पेढ्यांवर एकदा तरी घडते. याची दोन कारणे आहेत.

पहिले कारण कीबोर्डवरचे. मुनीमाने कंट्रोल आणि पी या कळा दाबल्या आणि पुढे आलेली चौकट न वाचताच एंटर केले. अशा वेळी ॲक्सेस ज्या खिडकीकडे फोकस आहे ती खिडकी छापतो. फोकस फॉर्मवर असेल तर फॉर्म छापला जातो. तोही समोर दिसणाऱ्या एका बिलापुरता नव्हे, तर त्या फॉर्ममधून दिसू शकणारी सर्व बिले. चार हजार बिले साठलेली असतील, तर चार हजार बिलांची छपाई सुरू होते.

दुसरे कारण प्रोग्राममधले. व्हीबीए भाषेत छपाईच्या दोन आज्ञा आहेत. एक ‘प्रिंटआउट’ आणि दुसरी ‘ओपनरिपोर्ट’. प्रिंटआउट ही आज्ञा काय छापायचे त्याचे नाव घेतच नाही. ‘समोर जे असेल ते छाप’ एवढाच तिचा अर्थ. समोर म्हणजे अर्थातच जेथे फोकस आहे ते. ओपनरिपोर्ट मात्र नाव घेऊन काम करते. रिपोर्टचे नाव, तो थेट छापायचा की आधी पडद्यावर दाखवायचा आणि कोणत्या अटीनुसार काढायचा, एवढे तिला सांगता येते. बिल क्रमांकाची अट घातली की तेवढेच बिल निघते. अट घातली नाही तर कोठारातील सर्व बिले निघतात.

नोकराला ‘ते घेऊन ये’ असे सांगणे आणि ‘तिसऱ्या मांडणीवरची हिरव्या शिक्क्याची गठाण घेऊन ये’ असे सांगणे यात जो फरक आहे तोच फरक या दोन आज्ञांमध्ये आहे. शक्य तेथे ओपनरिपोर्ट वापरावी, नाव आणि अट घालूनच वापरावी. आणखी एक गोष्ट. पडद्यावर दाखवायचे की थेट छापायचे हे सांगितले नाही, तर ओपनरिपोर्ट थेट प्रिंटरकडे जाते.

हाच नियम ‘क्लोज’ या आज्ञेला लागू आहे. नाव न घेता क्लोज म्हटले, तर ज्या खिडकीवर फोकस आहे ती बंद होते. पुष्कळ प्रोग्राममध्ये रिपोर्ट पडद्यावर उघडायचा आणि पुढच्या ओळीत फॉर्म बंद करायचा असे लिहिलेले असते. रिपोर्ट उघडताच फोकस रिपोर्टकडे जातो आणि बिननावाचे क्लोज त्या रिपोर्टलाच बंद करते. मुनीमाला दिसते ते एवढेच की बिल चमकले आणि नाहीसे झाले. तो पुन्हा पुन्हा बटन दाबत राहतो. क्लोज म्हणताना फॉर्म की रिपोर्ट आणि त्याचे नाव काय, हे दोन्ही सांगितले की हा प्रकार बंद होतो.

फॉर्मच्या आड दडलेले बिल

तिसरी तक्रार ‘बटन दाबले तरी काहीच होत नाही’ अशी असते. प्रत्यक्षात बिल उघडलेले असते, पण फॉर्मच्या मागे. प्रोग्राम देखणा दिसावा म्हणून करणारे अनेकदा फॉर्मचा ‘पॉप-अप’ हा गुणधर्म चालू ठेवतात. पॉप-अप फॉर्म नेहमी इतर खिडक्यांच्या वर तरंगतो. साधा रिपोर्ट त्याच्या वर येऊ शकत नाही. त्यातच ‘मोडल’ हाही गुणधर्म चालू असेल, तर तो फॉर्म बाजूला होईपर्यंत दुसऱ्या खिडकीवर माऊस चालत नाही. म्हणजे बिल मागे आहे हे कळूनही तेथे जाता येत नाही.

यावर तीन मार्ग आहेत. पहिला सर्वांत सोपा. पॉप-अपची खरोखर गरज नसेल तर ते बंद करावे. बिलाच्या मुख्य फॉर्मला त्याची सहसा गरज नसते.

दुसरा मार्ग रिपोर्टला संवाद-चौकटीसारखा, म्हणजे ‘डायलॉग’ पद्धतीने उघडण्याचा. ओपनरिपोर्टमध्ये तशी सोय आहे. यात रिपोर्ट फॉर्मच्या वर येतो आणि तो बंद होईपर्यंत मागचा प्रोग्राम थांबून राहतो. रिपोर्ट बंद झाला की पुढच्या ओळी चालू लागतात. छपाईनंतर जे काही करायचे असेल ते त्या ओळींत लिहावे.

तिसरा मार्ग फॉर्म तात्पुरता लपवण्याचा. रिपोर्ट उघडला की फॉर्मची ‘व्हिजिबल’ ही किंमत फॉल्स करावी आणि रिपोर्ट बंद होण्याच्या प्रसंगी, म्हणजे त्याच्या क्लोज इव्हेंटमध्ये, फॉर्म पुन्हा दाखवावा. रिपोर्ट दुसऱ्या एखाद्या मेनूतूनही उघडला जात असेल, तर तो फॉर्म त्या वेळी उघडा आहे की नाही हे आधी तपासावे. नाही तर जो फॉर्म उघडाच नाही तो दाखवण्याच्या प्रयत्नात प्रोग्राम अडखळतो.

लपवणे आणि बंद करणे यांत मोठा फरक आहे. पुष्कळ रिपोर्टमागची क्वेरी बिल क्रमांक फॉर्मवरूनच वाचते. फॉर्म लपलेला असला तरी तो जिवंत असतो आणि क्वेरीला क्रमांक मिळतो. फॉर्म बंद केला तर क्वेरीला क्रमांक मिळत नाही. मग संगणक एक छोटी चौकट काढून ती किंमत मुनीमालाच विचारतो. मुनीम बिचारा अंदाजाने काही तरी लिहितो आणि भलत्याच पार्टीचे बिल निघते.

रिकामे बिल आणि २५०१

नव्या बिलात काहीच लिहिले नाही आणि छपाईचे बटन दाबले, तर कोरा कागद निघू नये म्हणून रिपोर्टमध्ये ‘नो डेटा’ हा प्रसंग वापरतात. मजकूर नसेल तर रिपोर्ट रद्द करायचा, ही पद्धत योग्य आहे. परंतु रिपोर्ट रद्द झाला की ज्या बटनाने तो मागवला होता त्याच्याकडे २५०१ क्रमांकाची त्रुटी परत येते. ‘तुम्ही सांगितलेले काम रद्द झाले’ एवढाच तिचा अर्थ आहे, तरी प्रोग्रामने ती झेलली पाहिजे.

येथे क्रम महत्त्वाचा आहे. आधी फॉर्म लपवला आणि मग रिपोर्ट मागवला, तर रिपोर्ट रद्द झाल्यावर पडद्यावर फॉर्मही नाही आणि बिलही नाही, अशी अवस्था होऊ शकते. मुनीम घाबरून संगणक बंद करतो. म्हणून आधी रिपोर्ट उघडावा, तो उघडल्याची खात्री झाली की मगच फॉर्म लपवावा. त्रुटी झेलणाऱ्या भागात ‘फॉर्म पुन्हा दाखव’ ही ओळ हमखास असावी. काही पेढ्यांवर पूर्ण ॲक्सेस न घेता मायक्रोसॉफ्टचे मोफत मिळणारे रनटाइम वापरतात. तेथे तर ही काळजी अधिकच घ्यावी. कारण रनटाइममध्ये न झेललेली त्रुटी आली की सारा प्रोग्रामच बंद पडतो.

तीन प्रती काढताना

जीएसटीच्या नियमांप्रमाणे मालाचे बिल तीन प्रतींत करावे लागते. मूळ प्रत माल घेणाऱ्यासाठी, दुसरी वाहतूकदारासाठी आणि तिसरी माल पुरवणाऱ्यासाठी. डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर कार्बन लावलेला कागद असेल तर एकाच छपाईत काम होते. लेसर प्रिंटरवर मात्र प्रती मोजून काढाव्या लागतात. प्रतींची संख्या सांगण्याची सोय प्रिंटआउट या आज्ञेत आहे, आणि प्रिंटआउट फोकसवर चालते हे आपण पाहिलेच.

म्हणून या ठिकाणी प्रिंटआउटला एकटे सोडू नये. आधी रिपोर्ट नाव आणि अट घालून पडद्यावर उघडावा. मग ‘सिलेक्टऑब्जेक्ट’ या आज्ञेने त्याच रिपोर्टचे नाव घेऊन फोकस त्याच्याकडे न्यावा. त्यानंतर प्रिंटआउटला तीन प्रती सांगाव्यात. शेवटी नाव घेऊनच रिपोर्ट बंद करावा. या चार पायऱ्यांपैकी दुसरी गाळली तरी काम पुष्कळदा चालते. ज्या दिवशी दुसरी एखादी खिडकी मध्ये येते त्या दिवशी बिलाऐवजी तीच तीनदा छापली जाते.

छपाई झाल्यावर फोकस कोठे राहतो?

आता शेवटची आणि सर्वांत दुर्लक्षित बाब. छपाई संपली, रिपोर्ट बंद झाला, फॉर्म पुन्हा समोर आला. या वेळी फोकस कोठे असतो? जेथे होता तेथेच, म्हणजे छपाईच्या बटनावर. फोकस बटनावर असताना एंटर किंवा स्पेस दाबणे म्हणजे ते बटन दाबणेच होय. मुनीमाला वाटते आपण पुढच्या रकान्यात जात आहोत. तो सवयीने एंटर मारतो आणि तेच बिल दुसऱ्यांदा छापले जाते. त्या दिवशी घाईगर्दी असेल तर दोन्ही कागद निघून जातात आणि महिनाअखेरीस पार्टी विचारते, ‘‘एकाच क्रमांकाची दोन बिले कशी?’’

यावर काही जण बटनच बंद करून टाकतात, म्हणजे छपाईनंतर ते दाबता येऊ नये असे करतात. कल्पना चांगली आहे, परंतु ज्या बटनावर फोकस आहे ते बंद करता येत नाही. ॲक्सेस २१६४ क्रमांकाची त्रुटी देतो. लपवू गेल्यास २१६५ येते. आधी फोकस दुसरीकडे न्यावा आणि मगच बटन बंद करावे.

नेण्याची आज्ञा ‘सेटफोकस’. फोकस अशा जागी ठेवावा जेथे चुकून दाबलेल्या एंटरने काही बिघडणार नाही. ‘नवे बिल’ या बटनावर तो ठेवू नये, पार्टीच्या नावाच्या रकान्यावर ठेवावा. ताक्यांच्या सबफॉर्ममधील एखाद्या रकान्यावर न्यायचा असेल तर दोन पायऱ्या लागतात. प्रथम फोकस सबफॉर्मवर आणि नंतर त्यातील रकान्यावर. एका उडीत तो तेथे पोहोचत नाही.

‘बिल पुन्हा छापायचे का?’ असा प्रश्न विचारणारी चौकट ठेवली असेल, तर तिच्यातही फोकस असतोच. ‘होय’ आणि ‘नाही’ या दोन बटनांपैकी पहिले, म्हणजे ‘होय’, आधीच निवडलेले असते. ते बदलून ‘नाही’ निवडलेले राहील अशी सोय संगणकात आहे. ती करून घ्यावी.

एका संध्याकाळची चाचणी

व्यापारी बंधूंनी प्रोग्राम करणाऱ्याला बोलावण्यापूर्वी स्वतः ही चाचणी घ्यावी. मूळ फाइलवर प्रयोग करू नये, तिची नक्कल करून नकलेवर करावा. प्रोग्रामची टेबले वेगळ्या फाइलमध्ये ठेवलेली असतील, तर नक्कल त्या फाइलचीही करून जोडणी नकलेशी करून घ्यावी, नाही तर प्रयोग खऱ्या हिशेबावर होईल. विंडोज १० आणि पुढच्या आवृत्त्यांत ‘मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ’ नावाचा प्रिंटर असतो. तो निवडला तर कागद वाया जात नाही.

१. जुने बिल उघडावे, वटाव बदलावा, पेन्सिल दिसत असतानाच छपाईचे बटन दाबावे. नवा वटाव कागदावर आला पाहिजे.

२. बिल पडद्यावर पाहून बंद करावे आणि लगेच एंटर दाबावे. दुसरे बिल निघता कामा नये.

३. कोरे नवे बिल उघडून काहीही न लिहिता छपाईचे बटन दाबावे. साधा निरोप यावा, प्रोग्राम बंद पडू नये आणि फॉर्म जागेवर असावा.

४. बिलाबरोबर खात्याचाही फॉर्म उघडा ठेवून बिल छापावे. बिलच निघाले पाहिजे आणि एकच निघाले पाहिजे.

५. बिल पडद्यावर आले की ते फॉर्मच्या वर दिसते की मागे, हे पाहावे.

यांपैकी जी चाचणी उतरणार नाही तिचा क्रमांक कागदावर लिहून प्रोग्राम करणाऱ्याला द्यावा. ‘कधी कधी चुकीचे छापतो’ असे सांगण्यापेक्षा ‘दुसरी चाचणी उतरत नाही’ असे सांगितले, तर त्याचा वेळ वाचतो आणि आपले पैसेही वाचतात.

याच कामात आणखी एक गोष्ट करून घ्यावी, असा आमचा आग्रह आहे. छपाईची नोंद ठेवणारे एक छोटे टेबल बनवून घ्यावे. बिल क्रमांक, छापल्याची तारीख-वेळ, छापलेली रक्कम आणि कोणी छापले, एवढे चार रकाने पुरेत. प्रत्येक छपाईच्या वेळी प्रोग्रामने त्यात आपोआप एक ओळ लिहावी. उद्या कागद आणि वही यांत फरक निघाला, तर तो छपाईच्या आधीचा की नंतरचा हे त्या ओळीवरून कळेल.

मुनीमाकडून चुका होत नाहीत असे आमचे म्हणणे नाही. लबाडीही जगात आहे आणि तिच्यावर नजर ठेवणे मालकाचे कामच आहे. परंतु ज्या प्रोग्राममध्ये नोंद न साठवताच बिल छापता येते, तो प्रोग्राम प्रामाणिक माणसालाही चोर ठरवू शकतो. वर सांगितलेल्या पेढीवर छपाईच्या आधीची ती एक ओळ घातल्यानंतर कागद आणि वही पुन्हा कधी वेगळे निघाले नाहीत, आणि मुनीमजी आजही त्याच गल्ल्यावर बसतात. म्हणून कागद आणि पडदा जुळला नाही, तर कोणावर बोट ठेवण्याआधी पहिली चाचणी घेऊन पाहावी. तिला दोन मिनिटेही लागत नाहीत.